कडेला बस

त्या बाईने कुत्र्याला काय म्हटलं ते कमूला आधी नीट ऐकूच आलं नाही. जव्हारच्या बाजाराचा दिवस होता. कचेरीपुढचा उतार एसटी उतरत होती आणि चांद्या दोरीला हिसका देऊन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला होता. दोरी कमूच्या मुठीतून चटका देत निसटली. इतर कुत्री मोटारीच्या मागे लागतात, भुंकतात, दमली की परततात. हा तसा नव्हता. हा मोटारीच्या पुढ्यात जाऊन उभा राही, चारी पाय रोवून, तोंड वर करून, आणि भुंकतही नसे. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, टपावरच्या कोंबड्यांच्या टोपल्या पुढे घसरल्या, आतून कुणीतरी शिवी दिली. कमू वर्गातल्या आवाजात "चांद्या, कडेला बस, कडेला" म्हणत राहिली आणि त्याने कानही हलवला नाही. तेव्हा डोक्यावर कंदांची पाटी घेऊन चाललेली एक बाई, चालता चालता, मान न वळवता, "ऱ्हे" म्हणाली. एवढंच. तेही मोठ्याने नाही. आणि चांद्या वळला, रस्ता सोडून कडेच्या गवतात आला, मागचे पाय दुमडून बसला. एसटी त्याच्या नाकासमोरून धूळ उडवत गेली तरी तो बसूनच राहिला. बाई तोवर गर्दीत मिसळून गेली होती.

कमूने दोरी उचलली. आधी तिला लाज वाटली, ती मास्तरणीची लाज होती. दिवाळीपासून ती रोज शाळा सुटल्यावर या कुत्र्याला रस्त्यावर आणत होती. मोटारीचा आवाज आला की त्याचं ढुंगण दाबून त्याला खाली बसवायचं, "कडेला बस" म्हणायचं, बसला की मुठीतली सुकट त्याच्या तोंडात द्यायची. रोज तीच जागा, तेच शब्द, न चिडता. अक्षर न वळणाऱ्या मुलींना ती असंच शिकवी आणि त्या शिकत. हा सुकट खाई, तिचा हात चाटी, आणि पुढची मोटार आली की पुन्हा मधोमध. शाळेतल्या मुली हसत. कुत्रा मुळात मठ्ठ आहे असं तिने ठरवून टाकलं होतं. पण आता तो गवतात बसला होता, पाठ ताठ, कान मागे, आणि त्याला हे शिकून फार दिवस झाले आहेत हे कुणालाही कळलं असतं. घराकडे चालताना तो शब्द तिच्या मागून येत राहिला. साखरशेतला, तिच्या माहेरी, लोक जनावरांना "ऱ्हा" म्हणत. "ऱ्हे" हे मोखाड्याकडचं. तिकडच्या मुली पहिलीत आल्या की असंच बोलत आणि ती त्यांना "राहा म्हणावं" असं सांगून सुधारत असे. आणि तिच्या नवऱ्याने, मधूने, कुत्रा घरी आणला तेव्हा सांगितलं होतं की हा डहाणूच्या रस्त्यावर सापडला. तिने तेव्हा विचारलंही नव्हतं. त्याने आपणहून सांगितलं होतं. आता तिला तेच आठवत होतं, की त्याने आपणहून सांगितलं होतं.

संध्याकाळी मधू जेवायला बसला तेव्हा ती म्हणाली, "आज चांद्या बसला."

"कुठं?"

"रस्त्याच्या कडेला. एसटी आली तेव्हा."

"शिकला म्हणजे अखेर."

"मी शिकवलेलं नाही. एका बाईने ऱ्हे म्हटलं आणि बसला."

मधूचा हात ताटातच थांबला. मग त्याने भाताचा गोळा केला, तो मोडला, पुन्हा केला. "कोण बाई?" त्याने विचारलं.

"ओळखीची नव्हती. मोखाड्याकडची असेल."

"बसतात कुत्री कधी कधी," तो म्हणाला आणि पाण्याचा तांब्या उचलला.

त्या रात्री तिला झोप लागेपर्यंत तेवढंच डोक्यात घोळत राहिलं. कुठला शब्द, असं त्याने विचारलं नाही. ऱ्हे म्हणजे काय, असंही नाही. कोण बाई, असं विचारलं. ज्याला एखाद्या बाईची भीती आहे तोच माणूस असं विचारतो. एकदा हे मनात आलं आणि मग मागचे सगळे दिवस उठून उभे राहिले, आणि प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. मोखाड्याहून आला की मधू जेवत नसे. पोट भरलंय म्हणे. त्याच्या सदऱ्याला धुराचा वास येई, त्यांच्या चुलीच्या धुराचा नव्हे, कुठल्याशा ओल्या लाकडाच्या धुराचा. कणगीतला तांदूळ दोन माणसांच्या मानाने भलताच खाली गेला होता, आणि तिने उंदरांना दोष दिला होता. मधू ज्यांची सरकारी जीप चालवी ते साहेब रविवारी घरी झोपलेले असत आणि मधूला ड्यूटी असे. तिने आजवर या गोष्टी पाहिल्या होत्या, पण एकीशेजारी दुसरी ठेवून पाहिली नव्हती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्याबद्दल मधू कधी बोलला नव्हता आणि ती त्याला त्याचा चांगुलपणा समजत होती. आता अंधारात तिला वाटलं, ज्याचं दुसरीकडे भागतं तो कशाला बोलेल.

खरं म्हणजे मधू लपवणारा माणूस नव्हता. तिने त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते संस्थान असताना, दरबारच्या मोटारखान्यापुढे. तो तेव्हा मोटारी धुवायचा, आणि काच पुसताना काचेत बघून स्वतःशी हसायचा. विलीनीकरण झालं त्या दिवशी गावात काही लोक रडले, काहींनी पेढे वाटले. मधू मात्र मोटारखान्याच्या ओट्यावर दिवसभर बसून होता. नवीन सरकार आपल्याला ठेवतं की काढतं, एवढंच त्याला कळत नव्हतं. मग त्याला जीप मिळाली, खाकी कपडे मिळाले, आणि त्याच वेळी त्याच्यात कसली तरी भीती येऊन बसली. दरबारात चूक झाली तर कुणाच्या तरी पाया पडता यायचं, तो म्हणायचा, इथं पाया कुणाच्या पडायचं तेच कळत नाही. लायसन्स तो उशाखाली घेऊन झोपायचा. कमूला त्याचं हसू यायचं. आता तिला वाटत होतं, ज्या माणसाला एवढं घाबरता येतं त्याला पुष्कळ काही लपवताही येत असणार. आणि आणखी एक. कुत्र्याला मोटारीचं शिकवायला हवं, हे त्यानेच काढलं होतं. "याला शिकव, नाहीतर एक दिवस," असं म्हणून त्याने वाक्य अर्धंच सोडलं होतं. ती म्हणाली, "अहो, मोटार तुमची, तुम्हीच शिकवा की." तर तो म्हणाला, "तू मास्तरीण, तू शिकव." पोटासाठी दिवसभर मोटार चालवणारा माणूस, आणि कुत्र्याला घेऊन रस्त्यावर एकदाही उभा राहिला नाही. चांद्याही साऱ्या गावच्या मोटारींपुढे जाऊन उभा राही, पण मधूची जीप दाराशी आली की घरामागच्या लाकडांच्या ढिगाआड जाऊन पडे, आणि इंजिन गार झाल्याशिवाय बाहेर येत नसे. कमू हे मधूला हसून सांगायची. मधू हसत नसे.

दुसऱ्या दिवसापासून तिची शिकवणी बदलली. बाहेरून ती तशीच दिसत असावी, दोरी, सुकट, मोटारीची वाट पाहणं. पण आता ती कुत्र्याला शिकवत नव्हती, त्याच्याकडून काढून घेत होती. ती हळूच "ऱ्हे" म्हणे आणि तो बसे. लाकडांचा ट्रक आला, बसला. एसटी आली, बसला. मोटार गेली की तो तिच्याकडे असा बघे की जणू तीही त्या दुसऱ्या ठिकाणची निघाली. कुणीतरी या कुत्र्याला माया लावून शिकवलं होतं. मारून शिकवलेलं जनावर बसताना अंग चोरतं, हा चोरत नव्हता. कुणाला तरी हा मरू नये असं वाटलं होतं, आणि ते कुणीतरी मोखाड्याच्या वाटेवर कुठेतरी राहत होतं, ओल्या लाकडांवर स्वयंपाक करत होतं, आणि मधूचा तांदूळ खात होतं. एकदा रस्त्यावर कुणी नव्हतं तेव्हा ती त्याच्यापुढे उकिडवी बसली आणि त्याच्या कानाशी बायकांची नावं घेऊ लागली. नवशी. गौरा. रुपी. रंगू. प्रत्येक नावानंतर ती थांबे आणि त्याच्या कानांकडे पाही. तो सुकटीच्या मुठीकडे बघत होता. मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला आणि ती घाईघाईने उठली. पुढे कितीतरी दिवस वर्गात हजेरी घेताना त्यातलं एखादं नाव आलं की तिची जीभ अडखळे, आणि समोरची लहानशी मुलगी "हजर" म्हणून भाबडेपणाने तिच्याकडे पाहत राही.

संक्रांतीच्या सुट्टीत मधू साहेबांना घेऊन ठाण्याला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कमूने कुत्र्याला दोरी लावली आणि ती मोखाड्याची एसटी धरायला गेली. कंडक्टर कुत्र्याला घेईना. त्याची मुलगी तिच्या वर्गात होती, म्हणून शेवटी तो म्हणाला, "बाई, बाकाखाली दाबून धरा, आणि कुणी बोललं तर मी पाहिलेला नाही." चांद्या बाकाखाली पडून थरथरत होता. त्याचा थरकाप तिच्या पोटरीला लागत होता. बाहेर कापलेली भातखाचरं, नागलीचे उघडे उतार, साग, मग वळणं. माणसाने एखाद्या गोष्टीला जायचं ठरवलं की ती गोष्ट असो वा नसो, मनात ती पुरी होऊन बसते. एसटीत बसल्या बसल्या तिने ते घर पाहून टाकलं होतं. बाई तिशीच्या आतली, अंगाने भरलेली, दारात एखादं मूल. त्या मुलाच्या तोंडावर मधूचं नाक. आपण काय बोलायचं तेही तिने ठरवलं होतं, आणि ते बोलून झाल्यावर ती साखरशेतला भावाकडे जाणार होती. या सगळ्यात तिला एक विचित्र समाधान होतं, आणि आपल्याला समाधान का वाटावं याचंच तिला भय वाटत होतं. मोखाड्याच्या अलीकडे एका वळणावर, दरीच्या बाजूला, चांद्या एकदम उठला. बाकाच्या लाकडावर त्याचं डोकं आपटलं. त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की पुढची माणसं वळून बघू लागली. कमूने कंडक्टरला घंटी मारायला सांगितली.

एसटी गेल्यावर रस्ता फार मोकळा वाटला. चांद्या कडेच्या एका सपाट दगडाशी गेला, त्याच्याभोवती फिरला, हुंगला, आणि मग डोंगराच्या बाजूला वर चढणाऱ्या पायवाटेला लागला. त्याने तिला ओढत नेलं. वर एक पाडा होता, चार-पाच कुडाची घरं. शेवटच्या घराच्या अंगणात एक म्हातारी नागलीची कणसं काठीने झोडत बसली होती. चांद्याने दोरी ओढून सोडवली आणि जाऊन तिच्या मांडीत तोंड खुपसलं. म्हातारीने काठी खाली ठेवली. "भुऱ्या," ती म्हणाली. तिला नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. मग तिने मान वर केली आणि कमूकडे पाहिलं, आणि कमू तिच्याकडे न पाहता तिच्या मागे, घरात पाहत होती. दोरीवर एकच लुगडं वाळत होतं. चुलीशी कुणी नव्हतं.

"घरात आणखी कोण असतं?" तिने विचारलं. ओळख नाही, पाळख नाही, आणि पहिला शब्द तो. नंतर तिला त्याची फार शरम वाटायची.

"कोन नाय," म्हातारी म्हणाली. "लेक दिली वांगणीला. मी एकली. बस. तू त्याची बायको."

"कोणाची?"

"मधूची. जीपवाल्याची. त्यानं सांगलेलं, बायको शाळेत शिकवतं."

कमू ओट्यावर बसली. बाई नव्हती. मूल नव्हतं. तिला एकदम हसावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं, आणि मधूची इतकी कीव आली की तो समोर असता तर तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला असता. कुणी लांबची आत्या असेल, कुणी दाई असेल, एखाद्या म्हातारीला तांदूळ देतो आणि सांगायला लाजतो. म्हातारीने तिला काळा चहा दिला. तिचं नाव रखमी. चुलीत ओलं लाकूड जळत होतं आणि तोच धूर कमूच्या डोळ्यांत गेला. सहज, काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "याला रस्त्याच्या कडेला बसायला तुम्ही शिकवलंत?"

"मी कशाला शिकवू. त्या माज्या दादल्यानं. सखानं." रखमीने कुत्र्याच्या मानेतला गवताचा काटा काढला. "रस्ता झाला, मोटारी आल्या, तवा तो म्हनला, आता जनावराला शिकवाय पायजे. रोज खाली न्यायचा. मोटारीचा आवाज आला का ऱ्हे म्हनायचा. दोघं कडेला बसायचं. मोटार गेली का उठायचं. मना हसू यायचं. मोटार यायची दिसाची एक, आनि हे दोघं तिची वाट पाहात बसायचं."

"मग?"

"मग काय. कडेलाच बसलेलं व्हतं दोघं. मोटार कडेला आली."

कोंबडी नागलीत शिरली, रखमीने तिला हाकललं. कमूच्या हातात चहाचा जर्मनचा पेला होता आणि तो आता धरवत नव्हता इतका गरम लागत होता, तरी तिने तो खाली ठेवला नाही. विचारायचं नाही, असं तिला आतून कळत होतं. इथूनच उठावं, नमस्कार करावा, आणि पायवाट उतरून जावं. पण इतके दिवस तिने दुसरं काही केलंच नव्हतं. तिने विचारलं, "कोणाची मोटार?"

"मधूनंच उचलून नेला त्याला. दवाखान्यात नेला तवर जीव व्हता. मधू म्हनला, रस्त्यात पडलेला दिसला, मोटार कोनची ती पुढं निघून गेली."

"आणि तुमचा विश्वास बसला?"

रखमीने कणसांचा भुसा तळहातावर घेतला आणि फुंकला. "तो लय रडला," ती म्हणाली. "हितं, ह्या अंगनात. सखाचा भाऊ रडला नाय तेवढा रडला. परक्याला कोन येवढं रडतं?"

त्यानंतर ती जे बोलली ते कमूला तुटक तुटक आठवतं, कारण मधूनमधून तिला ऐकूच येत नव्हतं. सखा गेल्यावर कुत्रा त्या दगडाशी जाऊन पडायचा. मोटार आली की कडेला बसायचा नाही, पुढ्यात जाऊन उभा राहायचा. कुणी ऱ्हे म्हटलं तरच तेवढ्यापुरता बसायचा. मधूची जीप आली की मात्र झाडीत पळायचा. मधूला त्या वळणावरून रोज जावं लागायचं. एक दिवस येऊन त्याने कुत्रा मागितला, म्हणाला, इथं राहिला तर मरेल. तिने दिला. मग तो येऊ लागला, तांदूळ घेऊन. तो येतो, लाकडं फोडतो, छपरावर पेंढा टाकतो, धड बोलत नाही.

"सुरवातीला वाटायचं, त्याच्या भाकरीत काय तरी घालावं," रखमी म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "वाढायची, आनि त्याच्या तोंडाकडं पाहायची. तो खायाचा नाय. हात लावायचा आनि ठेवायचा. अजून खात नाय."

"तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"कोनाला? पोलीस त्याला नेतील. मग हितं कोन येल? लेक वर्साला एकदा येतं. तो आठ दिसाला येतं." तिने कमूकडे पहिल्यांदा रोखून पाहिलं. म्हातारीचे डोळे पाणावलेले नव्हते. "तू त्याला सांगू नको मना ठावं हाय ते. कळलं का तो यायचा नाय. यावं त्यानं. मी हाय तंवर यावं."

ही क्षमा होती की शिक्षा, हे कमूला कळलं नाही, आणि पुढेही ते तिला कधी नक्की ठरवता आलं नाही. रखमीच्या तोंडावर दोन्हीही दिसत नव्हतं. कुत्रा इथेच ठेवू का, असं तिने विचारलं तेव्हा रखमी म्हणाली, "नको, ने. त्या वळनावर मरंल." निघताना ती अंगणाच्या टोकापर्यंत आली आणि कुत्र्याला हाक न मारता परत फिरली.

खाली एसटीची वाट पाहताना कमू कडेला उभी राहिली नाही. चांद्याला घेऊन ती डोंगराच्या बाजूला, सागाच्या बुंध्यांआड, बरीच वर जाऊन बसली. तिथून तो सपाट दगड दिसत होता. दोन माणसं सहज बसतील एवढा. त्याच्यापुढे रस्ता वळत होता आणि रस्त्याची कडा ढासळलेली होती. एवढ्या दिवसांत तिने याच कुत्र्याला शेकडो वेळा दाबून कडेला बसवलं होतं, बस म्हणजे काही होणार नाही असं त्याला सुकट देऊन पटवलं होतं, आणि ते खरं नाही हे याला आधीपासून माहीत होतं. त्याने सगळं बरोबर केलं होतं. सखानेही. मधू वळणावर काय करत होता? त्या दिवशी, त्या क्षणी? काचेत बघून हसत होता? झोप आली होती? साहेबांना उशीर होईल म्हणून पळवत होता? एवढी एक गोष्ट ती त्याला कधीच विचारू शकणार नव्हती, आणि तीच एक गोष्ट तिला पाहिजे होती. घाटात एक ट्रक गुरगुरू लागला. चांद्या उठला. तिने त्याचा पट्टा धरला आणि काही न बोलता त्याला आणखी वर ओढून नेलं.

त्या आठवड्यात तिने त्याला नवीन शिकवायला घेतलं. मोटार ऐकू आली की रस्ता सोडायचा, कडाही सोडायची, धावत घराच्या पायऱ्या चढून उंबऱ्याशी यायचं. "घरात" एवढा एकच शब्द. सुकट उंबऱ्यावर ठेवलेली. गंमत म्हणजे हे तो लवकर शिकला. कदाचित त्यालाही तेच हवं असेल. गल्लीतली माणसं म्हणत, बाई, आता खरा शहाणा झाला तुमचा कुत्रा. ती मान हलवी. मधू ठाण्याहून परतला होता आणि बाजूला उभा राहून हे बघत होता. कंडक्टरने त्याला सांगितलं असणार, मास्तरीणबाई कुत्रा घेऊन तिकडे आल्या होत्या म्हणून, कारण परत आल्या दिवसापासून तो तिच्याकडे निराळंच बघत होता. ती पाणी भरायला गेली की मागून बघे. जेवताना मध्येच थांबे. एकदा तिने पाहिलं, तो कुत्र्यापुढे उकिडवा बसून त्याचे पाय उलटे करून तळवे तपासत होता. ती दारातच थबकली. त्या बसण्याची तिला ओळख होती. तिला वाटलं, आपण एवढ्या लांबून, एवढ्या दिवसांनी, एकमेकांच्या जागा बदलून घेतल्या. तिच्या एका वाक्याने त्याची ही यातना संपली असती. पण ते वाक्य बोललं की दुसरं बोलावं लागलं असतं, आणि दुसरं तिचं नव्हतं, रखमीचं होतं.

रविवारी तो म्हणाला, "ड्यूटी आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने आईने शिवलेली जाड गोधडी आणली. तो जीपचं दार उघडत होता. तांदळाची पिशवी सीटखाली सरकवलेली दिसत होती. तिने गोधडी त्याच्या हातात दिली. "रखमीबाईंना द्या. त्यांच्याकडे पांघरायला काही दिसलं नाही."

मधू गोधडी धरून उभा राहिला. त्याच्या तोंडावरचं रक्त उतरत गेलं, ओठ पांढरे झाले. गल्लीत कुणीतरी लाकूड फोडत होतं, तो आवाज एकसारखा येत राहिला. चांद्या पायऱ्या चढून उंबऱ्यावर बसला होता.

"तू भेटलीस त्यांना," तो म्हणाला.

"भेटले. चहा दिला त्यांनी."

तो जीपच्या पुढच्या चाकाकडे बघत होता. "ती काही बोलली?"

"कशाबद्दल?"

"सखाबद्दल."

"म्हणाल्या, तुम्ही त्यांना रस्त्यातून उचलून दवाखान्यात नेलंत."

"आणखी?"

तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं, कारण खाली पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं. वर्गात मुली खोटं बोलतात तेव्हा खाली पाहतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "आणखी काही नाही," ती म्हणाली. "फार चांगला मुलगा आहे म्हणाल्या."

मधूने तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. एखादं वाक्य खरं आहे का हे बघायला माणूस जिथे जिथे बघतो तिथे सगळीकडे त्याने पाहिलं, तिच्या डोळ्यांत, ओठांवर, हातांवर. मग त्याचे खांदे हळूहळू खाली आले. त्याने गोधडीची नीट घडी केली आणि ती तांदळाच्या पिशवीवर ठेवली.

"मग बरं," तो म्हणाला, आणि त्याचा विश्वास बसलेला तिला दिसला.